चौकटीतलं झाड

११ फेब्रुवारी २०२५

आज मला कुणीतरी विचारलं!

पलंगावरून खुर्चीत बसायचं होतं. रोजचंच. रोज काय होतं — मुलगा येतो, हौशीराम, काखेत हात घालतो, "हं, चला आबा" म्हणतो, आणि 'आबा' म्हणून होईतो मी खुर्चीत असतो. मायाळू आहे. पण कंपनीच्या बसवर ड्रायव्हर; चाकं उचलायची सवय, तीच माझ्यावर.

आज तो पहिल्या पाळीला गेलेला, सूनबाई अंगणवाडीत. नात होती घरी. करुणा. नर्सिंग झालंय तिचं. पलंगाशी आली, गुडघे टेकून बसली — तिचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आले — आणि म्हणाली, "ओकोशिमास ने. योरोशी देस का?"

"काय गं हे?"

"आता उठवते हं, चालेल का — असं, आबा. जपानीत."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"मग 'ईए' म्हणायचं."

"ईए," म्हणालो. गंमत म्हणून.

तिनं हात मागं घेतले! खरंच घेतले. मांडीवर ठेवून बसून राहिली. डिसेंबरात राहूला, आमच्या गावाकडच्या घराच्या पायरीवर पडलो, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून कितीतरी हातांनी मला उचललं. दवाखान्यातल्या, गाडीतल्या, घरातल्या. एकही हात असा मागं गेला नव्हता. मला एकदम हुंदकाच आला. खोकला काढून झाकला.

मग म्हणालो, "बरं, उठव आता."

"जपानीत, आबा."

"त्याला काय म्हणतात?"

"हाय."

"हे तर राहूचंच झालं की! तिथं 'आहे'ला 'हाय'च म्हणतात."

पोरगी हसत सुटली. उठवलं. हळू, मला विचारून.

१३ फेब्रुवारी

चौकशी केली. इथं शिरूरमध्येच सारिका मॅडम म्हणून आहेत, रांजणगावला एका कंपनीत दुभाष्याचं काम करायच्या, आता घरीच क्लास घेतात. करुणा दसऱ्यापासून जाते. तिकडं जपानात म्हणे म्हातारी माणसं उदंड, त्यांना उठवणारे हात कमी. जुलैत भाषेची परीक्षा, मग मुलाखत, मग नोकरी. आणि नुसतं उचलता येऊन भागत नाही. काय करणार ते आधी सांगायचं, विचारायचं, उत्तराची वाट बघायची. मग हात लावायचा. ही तिथली कामाची रीत.

सराव कुणावर करणार? घरात एक म्हातारा आयता पडलेला!

मग ती गेल्यावर माझं कसं? — हे विचारलं नाही. आजारी माणसानं सगळंच विचारू नये.

२ मार्च

तिसरा मजला. लिफ्टचा खड्डा आहे, लिफ्ट नाही. बिल्डर 'होईल होईल' म्हणतो. दवाखान्यातून आणलं तेव्हा खुर्चीसकट चौघांनी वर चढवलं. तेव्हापासून जमीन पाहिलेली नाही. घोडनदी इथून किती जवळ, पण दिसत नाही. एस.टी.चे भोंगे ऐकू येतात. खिडकी एक. खिडकीत कडुलिंब एक. सध्या त्याची पिवळी पानं गळताहेत, म्हणजे मीच खिडकीत बसून त्याचे केस विंचरतोय असं वाटतं.

राहूला आता भीमेवर वारा सुटला असेल.

१६ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

करुणानं पलंगासमोर भिंतीवर तक्ता लावला, जपानी अक्षरांचा. प्रत्येक खुणेखाली बारीक मराठीत उच्चार. मी चष्मा लावून वाचत गेलो. आ ई ऊ ए ओ. का की कू के को. सा शी सू से सो. मग ता. ना. हा. मा. या. रा. वा.

थांबलो. पुन्हा वाचलं. "करुणा! अगं, ही तर आपली वर्णमाला! हे कंठातून, हे टाळूवरून, हे दातावर, हे ओठावर — मधली काही घरं मोकळी सोडलीत, पण गाव तेच!"

तिला वाटलं म्हातारा वाढवून सांगतोय. तिनं सारिका मॅडमना फोन लावला, आवाज मोठा केला. मॅडम म्हणाल्या, "अहो आबा, अगदी बरोबर! तिथले बौद्ध भिक्खू सूत्रं वाचण्यासाठी संस्कृतचे उच्चार शिकायचे. त्या अभ्यासातून त्यांनी आपल्या अक्षरांना हा क्रम लावला. अक्षरांचे आकार चीनकडून आलेले, रांग मात्र भारताकडून."

मी विचारलं, मग ओठाच्या जागी 'ह' कसा काय? 'ह' तर घशातला. त्या म्हणाल्या, "फार पूर्वी तिथे 'प' होता. ओठ सैल होत होत 'ह' झाला."

सैल होत होत! किती शतकं लागली असतील एका ओठाला.

मला राहूची शाळा आठवली. मी दाराशी बसायचो. आत जागा नव्हती असं नाही. ढमढेरे गुरुजी आले तेव्हा त्यांनी मला आत घेतलं, पण तोवर दारातून ऐकून साऱ्या कविता पाठ झालेल्या — आतल्या पोरांच्या आधी! चौथीत असताना वडिलांनी दीक्षा घेतली. घरात पहिल्यांदा बुद्धाचा फोटो आला. आणि आज कळतंय की जी अक्षरं मी उंबऱ्याबाहेरून गोळा केली, तीच बुद्धाच्या मागोमाग समुद्र ओलांडून गेली होती. कुणाच्या उंबऱ्याला न विचारता.

वडिलांना सांगायला हवं होतं. ऐंशीला आलोय आणि वडिलांची आठवण येते!

१७ मार्च

तक्त्याला चाल लावली. ढमढेरे गुरुजींचीच. त्यांनी आमच्यासाठी स्वतः कविता केली होती, बगळ्याची —

उभा बगळा एका पायी
पाणी म्हणे जाई जाई
त्याला नाही कसली घाई
मासा येई तेव्हा येई

'का की कू के को' तिच्यात अस्सं बसतं! करुणालाही येते ती चाल, लहानपणी मीच शिकवलेली. दोघं गात होतो तेवढ्यात हौशीराम आला. दारातूनच म्हणाला, "काय चाललंय? कू-के-को, कू-के-को! कोंबड्या पाळल्या का काय तिसऱ्या मजल्यावर?"

याच्या डोक्यात कविता कधी टिकली नाही. बगळ्याच्या चारच ओळी, पण तिसरीवर अडायचा. माझाच मुलगा.

६ एप्रिल

लिंबाला मोहर आला. वास खिडकीपर्यंत येतो, मी वासापर्यंत जाऊ शकत नाही.

१९ एप्रिल

भाषा आपल्यासारखी चालते. 'मी शाळेला जातो' — 'वाताशि वा गाक्को नि इकिमास'. आपला 'ला' जसा शाळेला चिकटतो तसा त्यांचा 'नि'. क्रियापद शेवटी. म्हणजे समोरचा जाणार की नाही जाणार, हे तोंड मिटेपर्यंत कळत नाही. इंग्रजीत तसं नाही, 'नाही' आधीच येतं, पहिल्या घासालाच खडा लागतो.

मोजायचं मात्र विचित्र! माणसं मोजायला एक शब्द, चपट्या वस्तूंना वेगळा, लांबट वस्तूंना वेगळा. म्हटलं, "मी दिवसभर आडवा असतो. मला माणसांत मोजायचं की लांबट वस्तूंत?"

"आबा!" करुणा रागावली. मग तिलाच हसू आलं.

३ मे

आज मॅडमना फोनवर विचारलं — संस्कृतातून मराठी, तशी जपानी कशातून? म्हणाल्या, नक्की कुणालाच सांगता येत नाही. दक्षिणेकडच्या बेटांवरच्या भाषा तिच्या सख्ख्या बहिणी, एवढं पक्कं. कोणी कोरियाशी नातं लावतात, कोणी आणखी खालच्या समुद्राशी, पण सिद्ध नाही काही. लिपी चीनची घेतली, शब्द पोतीच्या पोती घेतले, पण भाषा चिनी नव्हे.

दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली उभा जन्म. तिथं कधीकधी असा डाग, म्हणजे गाठोडं, उतरायचा — कुठून निघाला ती चिठ्ठी वाटेत गळालेली, पोचायचं गाव तेवढं शाबूत. आम्ही त्याच्याभोवती उभे राहून तर्क करायचो. वास घ्यायचो, दोरीची गाठ बघायचो. एकजण म्हणायचा मनमाड, दुसरा म्हणायचा सोलापूर. डाग गप्प.

मी उलटा. कुठून निघालो ते पक्कं ठाऊक. राहू. पोचायचं गाव गळून पडलंय.

२१ मे

तीन लिप्या! एक गोलसर, पूर्वी बायका लिहायच्या ती. एक चिनी चित्रांची. आणि एक टोकदार, भिक्खूंनी पोथीच्या कडेला उच्चार टिपण्यासाठी चित्रांचे तुकडे घेऊन केलेली. तीत आता परदेशी शब्द आणि परदेशी माणसांची नावं लिहितात. करुणानं तिचं नाव लिहून दाखवलं. का-रु-ना. 'ण' त्यांच्याकडे नाही.

"म्हणजे ही पाहुण्यांची अक्षरं," मी म्हणालो. "माझंही नाव यातच लिही. मीही इथं पाहुणाच."

तिनं लिहिलं नाही. म्हणाली, "तुम्ही घरचे, तुमचं गोल अक्षरांत लिहिते." लिहिलं — आ-बा. तक्त्याखाली चिकटवलंय.

८ जून

आज ऐकलं. मला ऐकू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात बोलत होते, पण या घरात भिंती पुठ्ठ्याच्या.

सूनबाई म्हणाली, "पोरीचं सोनं होईल. जाऊ द्या तिला."

हौशीराम — "आन् आबांकडं कोण बघंल? तुझी अंगणवाडी, माझी पाळी. ती हाय म्हणून ते हायेत. आबा हायेत तवर न्हाई. सांगून ठेवतो."

"मग परीक्षा?"

"देऊ दे. परीक्षेनं काय हुतंय?"

आबा हायेत तवर न्हाई.

घरातल्या दाराला बाहेरून कडी असते. करुणाच्या दाराला आतून कडी मी आहे.

१० जून

आज करुणानं विचारलं तेव्हा मी चारदा 'ईए' म्हणालो. चारही वेळा ती थांबली. पाचव्यांदा मलाच लाज वाटली.

२२ जून

चित्राक्षरं शिकतोय. आज दोन.

पहिलं — माणूस, आणि त्याच्या शेजारी झाड. अर्थ विसावा.

दुसरं — झाड, आणि त्याच्या चारी बाजूंनी चौकट. अर्थ अडचणीत असणं, कोंडी.

बराच वेळ खिडकीकडे बघत बसलो. चौकट. आत कडुलिंब. कुण्या चिनी माणसानं हजारो वर्षांपूर्वी माझी खिडकी काढून ठेवली! झाड तेच. त्याच्याभोवती भिंत घातली की कोंडी, त्याच्या शेजारी जाऊन बसलं की विसावा. तीन मजल्यांचा फरक.

करुणा म्हणाली, "हे परीक्षेत नाही येणार, आबा. पुढच्या पायरीचं आहे. वहीत दिसलं म्हणून दाखवलं."

परीक्षेत नसेल. माझ्यात आहे.

५ जुलै

उद्या परीक्षा, पुण्याला. करुणा बडबडतेय, विसरतेय, पुन्हा चालीत म्हणतेय.

आम्ही देवाकडे मागणारे नव्हे. बरंच आहे. नाहीतर आज मी काय मागितलं असतं ते इथं लिहायलाही धजावलो नसतो.

६ जुलै

हौशीरामनं स्वतः मोटारसायकलवर पुण्याला नेलं. दिवसभर बाहेर थांबला. येताना दोघं भिजून आली. त्यानं आल्याआल्या मला उचललं, खुर्चीत ठेवलं, केस पुसत गेला.

२७ ऑगस्ट

पास!

तिनं पेढा भरवला. मी अर्धाच खाल्ला.

१४ सप्टेंबर

मुलाखत माझ्या खोलीतच झाली, इथं रेंज चांगली. मी पलंगावर, कॅमेऱ्याच्या बाहेर. मोबाईलच्या पडद्यावर एक वयस्क बाई, तिथल्या वृद्धाश्रमाच्या प्रमुख. शेजारी एक तरुण, टाय घातलेला. त्यानं विचारलं, स्वतःची ओळख करून द्या.

आणि करुणा गायला लागली!

घाबरली होती पोर. शब्द आठवेनात, चाल आठवली. चालीला धरून शब्द बाहेर आले. नाव, गाव, शिक्षण, सगळं बगळ्याच्या चालीत! अशी चूक जगात आमच्याच घरात होणार. मी डोळे मिटून घेतले. पडद्यावरचा तरुण गोंधळला. मग त्या बाई हसल्या, तोंडावर हात ठेवून खूप हसल्या, आणि काहीतरी बोलल्या. करुणानं पुन्हा म्हटलं. पहिल्यापासून. चालीत.

नंतर त्यांनी गंभीरपणे काही विचारलं. करुणा बोलत राहिली. मला एकच शब्द कळला, दोनदा आला. आबा.

२ ऑक्टोबर

काही कळवलं का म्हणून विचारलं. "कळवतील," म्हणाली. माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही. हे तिच्या रीतीत बसत नाही.

कडुलिंबावर साळुंक्या भांडताहेत.

११ ऑक्टोबर

दिवसातून कितीदा विचारते. कूस वळवू का, पाणी देऊ का, खिडकी उघडू का. सगळं विचारते. मी जाऊ का, तेवढं विचारत नाही. मीही सांगत नाही. विचारल्याशिवाय का म्हणून सांगू? हट्ट आहे, मला कळतंय. पण या पलंगावर दुसरं आहे काय माझ्या मालकीचं!

आणि विचारलंच तर काय सांगणार, म्हाताऱ्या?

१९ ऑक्टोबर

सारिका मॅडम आल्या. करुणा बाजारात, हौशीराम डेपोकडे गेलेला. मॅडम तीन जिने चढून धापा टाकत होत्या. सूनबाईनं पाणी दिलं. पदर सावरून त्या माझ्याजवळ बसल्या.

"आबा, तुमच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही मला. पण अशी जागा पुन्हा मिळत नाही. त्या बाईंना करुणाच हवी आहे. दुसरी मुलगी चालणार नाही म्हणतात."

"मग अडलंय कुठं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "तिनं नकार कळवलाय ना, आबा. 'घरी आजोबा आहेत' एवढंच लिहिलंय. मला वाटलं, तुम्हीच..."

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणालो.

"मी तो नकार पुढे पाठवलेला नाही. दिवाळी सरेपर्यंत धरून ठेवते. त्यापुढे नाही जमणार."

त्या गेल्या. सूनबाई दारात उभी. "मला न्हाई म्हाईत आबा, खरंच न्हाई."

मला आत काहीतरी पेटल्यासारखं झालं. बाकीचे मला न विचारता उचलतात, त्यांना रीत ठाऊक नाही. हिला ठाऊक होती! हिनं मला न विचारता उचललं आणि स्वतःच्या दारात आडवं टाकलं.

२० ऑक्टोबर

सकाळी आली. गुडघे टेकले. "ओकोशिमास ने. योरोशी देस का?"

"ईए."

थोड्या वेळानं पुन्हा. "ईए."

चहा निवला. पुन्हा. "ईए."

"आबा, काय लावलंय हे? चादर ओली आहे. बदलू द्या ना."

"मला विचारलंस?"

"विचारतेय की मघापासून!"

"हे नव्हे."

तिला कळलं. तशीच खाली बसली, फरशीवर. तोंड पलंगाच्या कडेला टेकलं. मग म्हणाली, "तुम्ही 'जा' म्हणाला असता, आबा. कसंही असलं तरी म्हणाला असता. म्हणून नाही विचारलं."

पोरीचा माझ्यावर केवढा विश्वास! माझा माझ्यावर तेवढा नव्हता.

"रीत काय सांगते?" मी म्हणालो. "उत्तर ठाऊक असलं तर विचारायचं नाही, असं सांगते?"

तिनं डोळे पुसले. नीट गुडघ्यांवर बसली. डोळ्यांना डोळे लावले. आणि मराठीत विचारलं. काय करणार, कुठं जाणार, किती वर्षं, मागं काय राहील. काहीच लपवलं नाही. "आबा, मी जाऊ का? चालेल का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. बगळ्यासारखा उभा राहिलो, आडव्या आडव्याच. तीही थांबली. लिंबावरच्या खारूताईचा आवाज तेवढा. मनात एक होतं, ओठावर दुसरं. कुठलं कुठं होतं हे आता सांगता येत नाही.

"जा," म्हणालो.

मग म्हणालो, "आता चादर बदल."

२१ ऑक्टोबर

तिनं बापाला सांगितलं. केवढा दंगा! आज दिवाळी, खाली फटाके, वर हा.

"आबांकडं कोण बघंल? कोण बघंल, सांग ना मला!"

मी आतून ओरडलो, "मी हाये की मला बघायला!"

"तुम्ही?" तो दारात आला. "खुर्चीतनं संडासापर्यंत जाता येईना तुम्हाला. आन् मला येतं का ते हिच्यासारखं? हळू धरा, हिकडनं वळवा, तिकडनं टेकवा. मी उचलतो तवा तुम्ही दात खाता, मला काय दिसत न्हाई?"

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मला एवढे दिवस वाटत होतं, याला दिसत नाही.

९ नोव्हेंबर

हौशीरामनं मोठी बॅग आणली. चाकांची. दाराशी ठेवली, चाकं फिरवून बघितली.

१८ जानेवारी २०२६

गेली.

निघताना विचारलं, "नमस्कार करू का? चालेल का?" हाय म्हणालो. पाया पडली. मग जिन्यावर बॅग आपटत गेल्याचा आवाज, तीन मजले. खिडकीतून दिसली नाही. मधे झाड आलं.

२३ जानेवारी

आता झुंबरबाई येतात दिवसा, तळमजल्यावरच्या. जीव लावतात. "चला आजोबा, उठा बरं, हाऽ शाबास!" — आणि मी बसलेला. पोतं उचलावं तसं. सांगायला गेलो, बाई, आधी विचारत जा. म्हणाल्या, "अवो, इचारायचं काय त्यात? उठायचं तर हायेच की!"

बरोबर आहे त्यांचं. उठायचं तर आहेच.

२५ जानेवारी

फोन आला. तिकडं बर्फ. एक आजीबाई करुणाकडून रोज बगळा म्हणून घेतात. अर्थ कळत नाही, चाल आवडते. आजींची बोली पुस्तकातल्यासारखी नाही म्हणे, खेड्यातली आहे, निम्मी कळतच नाही. "राहूसारखी आहे, आबा!"

हौशीराम दाराशी उभा राहून ऐकत होता. फोन दिला तर नको म्हणाला.

३० जानेवारी

झुंबरबाईंना आज जपानीत 'ईए' म्हणालो. त्यांनी सुनेला सांगितलं, आजोबा बरळायला लागले.

मीही आता म्हणत नाही.

४ फेब्रुवारी

तक्त्याचा एक कोपरा सुटलाय. पंख्यानं फडफडतो. लिहायला काही नाही.

८ फेब्रुवारी

हौशीरामची सुट्टी. सकाळपासून खाली काहीतरी ओढल्याचा आवाज. पलंगावरूनच कोपरावर रेटून खिडकीतून खाली पाहिलं, लिंबाखाली खुर्ची मांडलेली. रिकामी. जिन्यात दोन पोरं बोलत होती, त्याच्या कंपनीतली, खुर्ची धरायला आलेली.

मग तो वर आला. पलंगाशी उभा राहिला. मी अंग आवळून घेतलं, सवयीनं. हात आले नाहीत. एवढा दांडगा माणूस, गुडघे कडकड वाजले, खाली बसला. डोळे माझ्या डोळ्यांसमोर आणले. लाल होते. आणि म्हणाला. म्हणाला नाही, हळू आवाजात गायला — बगळ्याच्या चालीत! दाराआडून वर्षभर ऐकलेलं करुणाचं 'ओकोशिमास ने'. मधला शब्द गिळला, शेवटचा चुकला. पण थांबला. हात मांडीवर ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत, थांबला.

मी चूक काढली नाही.